घर विकायचंही आहे आणि घ्यायचंही आहे: एजंट एकच असावा की दोन?

उंबरठा

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण आता पंधरा दिवसांत निर्णय घ्यायचा आहे, म्हणून लिहितेच.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. आईचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. गेल्या वर्षभरात ती जेमतेम दहा-बारा वेळा खाली उतरली असेल, तीही दवाखान्यासाठी. म्हणून हे घर विकून तळमजल्यावरचं किंवा लिफ्ट असलेलं घर घ्यायचं ठरलं. हे विकल्याशिवाय नवीन घ्यायला पैसे नाहीत, आणि नवीन मिळाल्याशिवाय आईला घेऊन जायचं कुठे, हा पेच आहे.

आतापर्यंत तीन एजंटांना घर दाखवलं. पहिल्यांनी दहा मिनिटांत खोल्या पाहिल्या आणि आमच्या मनात होती त्याहून बरीच वरची किंमत सांगितली. दुसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आसपास अलीकडे झालेल्या विक्रींची यादीच आणली होती. त्यावरून किंमत 'इथपासून इथपर्यंत' अशी सांगितली, पण ती पहिल्यांपेक्षा कमी. तिसऱ्यांनी किंमतीचं नावच काढलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "कागदावर नावं कोणाची आहेत?" बाबांना जाऊन चार वर्षं झाली, कागदावर अजून त्यांचं नाव तसंच आहे. दुसरा प्रश्न, "मधल्या काळात आई कुठे राहतील?" हे आम्हाला आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

भावाला पहिले हवेत, मला तिसरे. तिसरे म्हणतात, नवीन घरही मीच शोधून देतो. दोन्ही व्यवहार एकाच माणसाच्या हाती द्यावेत का? आधी विकावं की आधी घ्यावं? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पायवाट

ताई, आम्ही आधी विकलं होतं. पैसे हातात असल्यामुळे नव्या घराची बोलणी ताठ मानेने करता आली, हे खरं. पण मनासारखं घर मिळायला पाच महिने लागले, तेवढे दिवस भाड्याने राहिलो. म्हणजे सामान दोनदा बांधलं आणि दोनदा सोडलं. आम्ही दोघंच होतो म्हणून निभावलं. आईंना घेऊन दोनदा घर बदलणं सोपं नाही, तेवढा विचार आधी करा.

मोरपीस

माझं मत थोडं वेगळं आहे. आम्ही एजंट न घेता विकलं. घेणारे ओळखीतले होते, कागद स्वच्छ होते, वकिलांना त्यांची फी दिली आणि काम झालं. एवढी दलाली कशासाठी द्यायची?

सोळाआणे

मोरपीस, घेणारा आधीच ठरलेला असेल तर तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. एजंटचं मोठं काम घेणारा शोधायचं असतं, आणि तेच झालेलं असेल तर उरलेलं काम वकील करतात. उंबरठाताईंना मात्र घेणाराही शोधायचा आहे आणि घरही.

ताई, तुमच्या भावासाठी थोडा हिशोब मांडतो. समजा दलाली शंभराला दोन आहे. घर १०० ला गेलं तर एजंटला २. तो आणखी महिनाभर खपला आणि १०५ ला विकलं, तर त्या वाढीव ५ पैकी तुम्हाला ४.९० आणि त्याला ०.१०. त्या दहा पैशांसाठी महिनाभर जाहिराती करायच्या, किल्ल्या घेऊन फिरायचं, फोन उचलायचे. माणूस कितीही भला असला तरी लवकर सौदा करण्याकडे त्याचं मन ओढ घेणारच.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरविक्री तपासल्या. त्यांचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एजंटांनी स्वतःच्या मालकीची घरं विकली तेव्हा ती गिऱ्हाइकांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किंमतीला गेली, आणि बाजारात सरासरी ९.५ दिवस जास्त राहिली. म्हणजे स्वतःचं घर असलं की ते थांबतात. दुसऱ्याचं असलं की 'आलेलं मागणं चांगलं आहे, घेऊन टाका' म्हणतात. म्हणून 'घेऊन टाका' ऐकलं की एकच विचारायचं: हे घर तुमचं असतं तर तुम्ही थांबला असता का? उत्तर येण्याआधीचा क्षण नीट पाहा.

उंबरठा

हे भावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, मग तर जास्त किंमत सांगणाराच बरा, तो निदान वरून सुरुवात करेल.

जुनीवही

नमस्कार. मी वीस-बावीस वर्षं हाच व्यवसाय केला, आता थांबलो आहे. भावाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे म्हणून लिहितो. लांबेल थोडं.

जास्त किंमत सांगणारा ती किंमत आणून देतोच असं नाही. अनेकदा ती किंमत फक्त तुमचं घर आपल्याकडे यावं म्हणून सांगितलेली असते. सही झाली, घर यादीत लागलं, की महिन्याभराने फोन येतो: बाजार जरा थंड आहे, थोडं खाली येऊ या. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. यात नुकसान असं की नवीन लागलेल्या घराकडे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जेवढे डोळे लागतात तेवढे नंतर कधीच लागत नाहीत. त्या परिसरात गंभीरपणे घर शोधणारी माणसं आधीच तयार असतात, ती लगेच बघतात, किंमत डोक्यावरून गेली की पुढे सरकतात. नंतर किंमत उतरवली तरी ती परत येत नाहीत, आणि नव्याने येणारा विचारतो, "इतके दिवस का पडून आहे? काही खोट आहे का?" अशी घरं शेवटी पहिल्याच दिवशी ठेवायला हव्या होत्या त्या किंमतीच्या खाली जाताना मी पाहिली आहेत.

आणि एकदा किंमत सांगितली की ती डोक्यात घर करते, आमच्याही. नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात एक प्रयोग केला होता, तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. एजंटांना एक खरंखुरं घर आतून-बाहेरून फिरवून दाखवलं, माहितीचे कागदही दिले. सगळं सारखं, फक्त मागितलेली किंमत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सांगितली. ज्यांना वरची किंमत दिसली होती त्यांनी घराचा अंदाजही वरचा दिला. आणि आपण त्या आकड्याकडे पाहिलं हे बहुतेकांनी कारणांमध्ये सांगितलंच नाही. हे वाचलं तेव्हा मला माझी कित्येक मूल्यांकनं आठवली. म्हणून विकणाऱ्यांना सांगतो, तुमचा आकडा आधी बोलू नका. एजंटला स्वतःचा अंदाज लेखी द्यायला सांगा, कोणत्या झालेल्या विक्रींवरून काढला त्यासकट. 'झालेल्या' हा शब्द महत्त्वाचा. मागितलेल्या किंमती कोणीही कितीही लावतो. तुमच्या दुसऱ्या बाईंनी हे न मागता केलं, त्यांना कमी लेखू नका.

आता मूळ प्रश्न, एकाकडे दोन्ही द्यावं का. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एकाच एजंटने तुमचं घर विकणं आणि तुमच्यासाठी दुसरं शोधणं यात वावगं काही नाही. उलट तारखा जुळवायला एकच डोकं असलं तर बरं पडतं. गडबड होते ती एकाच सौद्यात तो दोन्हीकडून उभा राहिला की. तुमचं घर घेणाराही त्याचाच गिऱ्हाईक, किंवा तुम्हाला आवडलेल्या घराचा मालक त्याचा गिऱ्हाईक. मग तुम्ही 'अगदी शेवटी इतकं देऊ शकतो' असं विश्वासाने सांगितलेलं कोणाच्या कामाला येणार? मी स्वतः असे सौदे केले आहेत आणि मन लावून दोघांचं भलं बघायचा प्रयत्न केला आहे. पण बोलणी किंमतीवर येतात तेव्हा दोघांचं भलं एका दिशेला नसतं, हे नाकारता येत नाही.

म्हणून सही करण्याआधी लिहून घ्या: माझ्या कोणत्याही सौद्यात समोरचा पक्षही तुमचा गिऱ्हाईक असेल, तर पहिल्या भेटीआधी मला लेखी कळवाल. चांगला एजंट बिनतक्रार लिहून देतो.

करारात आणखी दोन गोष्टी बघा. एक, तो किती महिन्यांचा आहे आणि तेवढे दिवस फक्त त्यांनाच विकायचा हक्क आहे का. तसा हक्क दिला तर एजंट जास्त मेहनत घेतो, हे मी खात्रीने सांगतो, पण मुदत छोटी ठेवा आणि पुढे वाढवायची की नाही ते तुमच्या हाती ठेवा. दुसरी, मुदत संपल्यानंतरची दलाली. त्यांनी आणलेला माणूस नंतर तुमच्याकडे थेट आला तरी दलाली द्यायची, असं कलम बहुतेक करारांत असतं. ते न्याय्य आहे. पण 'त्यांनी आणलेला' म्हणजे कोण, याची नावानिशी यादी मुदत संपताना मागून घ्या. नाहीतर पुढे वाद होतो.

निळी_शाई

जुनीवहींचा प्रतिसाद धाग्याच्या वर लावून ठेवावा असा आहे.

कागदांबद्दल माझं थोडं. उंबरठाताई, बाबांच्या नावाचं काम आजच सुरू करा. घेणारा मिळाल्यावर सुरू केलंत तर तो वाट बघेल किंवा निघून जाईल. सगळे वारस कोण, कोणाची सही लागणार, कोणी परगावी आहे का, मुखत्यारपत्र लागेल का, हे वकिलांकडून लिहून घ्या. घरावर कर्ज होतं का? फिटलं असेल तरी बोजा, म्हणजे त्या कर्जाची नोंद, कागदावरून उतरला आहे का ते बघा. हप्ते संपले म्हणजे बोजा उतरला असं लोक धरून चालतात आणि ऐन खरेदीखताच्या वेळी अडकतात.

घेताना हेच सगळं उलट बाजूने तपासायचं. टोकन देताना एक वाक्य मात्र सोडू नका: कर्ज मंजूर झालं नाही, किंवा कागदांत दोष निघाला, तर टोकन इतक्या दिवसांत पूर्ण परत. हे वाक्य नसलं तर टोकन म्हणजे समोरच्याच्या मर्जीवर सोडलेले पैसे.

पैसे कोणत्या खात्यात जाणार ते समोरासमोर ठरवा. ऐन वेळी 'खातं बदललंय' असा मेल किंवा मेसेज आला तर त्यातल्या नंबरवर फोन करू नका. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर करा. मेल हॅक करून मधल्यामध्ये खाते क्रमांक बदलण्याची फसवणूक जगभर चालते, आणि गेलेले पैसे क्वचितच परत येतात.

पायवाट

यात एक जोडतो. विकणाऱ्यालाही थोडे दिवस त्याच घरात राहता येतं, हे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. पैसे मिळाल्यावर ठरावीक दिवस भाडं देऊन तिथेच राहायचं, मग ताबा द्यायचा. घेणाऱ्याला घाई नसेल तर तो मानतो. आमच्या एजंटने हे सुचवलं असतं तर आमचे ते पाच महिने बरेच हलके झाले असते.

जुनीवही

अगदी बरोबर, आणि एजंट खरा उपयोगी पडतो तो इथे. किंमत आजकाल गिऱ्हाईकही शोधून काढतं. पण घेणाऱ्याच्या भाड्याच्या घराची मुदत कधी संपते, त्याच्या मुलांची शाळा कधी सुरू होते, विकणाऱ्याला किती दिवस हवेत, बँकेला किती लागतील, हे सगळं एका रेषेत आणणं फोनवर फोन करून करावं लागतं. दोन मागणी सारख्या किंमतीची असतील तर ज्याच्या तारखा तुमच्याशी जुळतात तो घ्या. त्याची किंमत थोडी कमी असली तरीसुद्धा.

मध्ये पैशाचा खड्डा पडला तर काही बँका थोड्या मुदतीचं जोडकर्ज देतात. पण जुनं घर विकलं जाईपर्यंत दोन्हीकडचं व्याज डोक्यावर बसतं. घेणाऱ्याचा करार सहीशिक्क्यासह हातात असेल तरच त्या वाटेला जा.

उंबरठा

किती आभार मानू! जुनीवही, तुम्हाला काका म्हटलं तर चालेल ना? भाऊ आता शांतपणे ऐकतो आहे. काल तिसऱ्या एजंटना काकांची लेखी अट सांगितली. त्यांनी तिथेच करारात लिहून सही केली. बाबांच्या नावाचे कागदही वकिलांकडे दिले. बहीण परदेशात असते, तिचं मुखत्यारपत्र लागणार आहे. आत्ता कळलं ते बरं.

उंबरठा

(सात आठवड्यांनी) तुम्हा सगळ्यांना कळवायलाच हवं.

घर गेलं. दोन मागणी आली होती. एक जास्त किंमतीची, पण महिन्यात ताबा हवा म्हणणारी. दुसरी जरा कमी, पण आम्हाला विक्रीनंतर चाळीस दिवस राहू देणारी. आम्ही दुसरी घेतली.

मग नवीन घर. तळमजला, दाराशी एकच पायरी, आईला पाहताक्षणी आवडलं. त्याच संध्याकाळी एजंटांचा मेसेज आला: "या घराचे मालकही माझेच गिऱ्हाईक आहेत. करारात लिहिल्याप्रमाणे तुम्हाला भेटीआधीच कळवायला हवं होतं, आजची भेट घाईत ठरली, ती चूक माझी. या सौद्यात किंमतीची बोलणी तुमच्यासाठी मी करू नये." वाचून आधी मी हबकले. मग वाटलं, न सांगता राहिले असते तर आम्हाला कळलंही नसतं.

आता पुढे काय करू? घर सोडायचं नाही, आईचं मन बसलंय.

जुनीवही

सोडू नका. त्या दुसऱ्या बाई आठवतात ना, झालेल्या विक्रींची यादी आणणाऱ्या? त्यांना फोन करा. फक्त या एका घराची बोलणी तुमच्या बाजूने करायची, ठरावीक फी, कमिशन नाही. किंमत खाली आल्याने त्यांचं उत्पन्न कमी होत नसेल तर त्या मोकळेपणाने घासाघीस करतील. कमिशनवरच्या एजंटला तर घेणाऱ्यासाठी किंमत उतरवण्यात तोटाच असतो.

आणि घर पुन्हा बघा, वेगळ्या वेळी, आईंना न नेता. आवडलेल्या घरातले दोष माणसाला दिसत नाहीत. कपाटं सरकवून मागची भिंत बघा. एकाच भिंतीच्या एकाच तुकड्यावर ताजा रंग असेल तर का लावला ते विचारा. सगळे नळ एकदम सोडा. तळमजला आहे, त्यामुळे फरशीलगतच्या भिंतीवर हात फिरवा, ओल खालून चढते. रात्री दहा वाजता जाऊन बाहेर पंधरा मिनिटं नुसते उभे राहा.

उंबरठा

(बारा दिवसांनी) काका, ओल निघाली. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला, फरशीपासून हातभर, कपाटाआड. बाईंनी जाणकार आणून दुरुस्तीचा अंदाज लेखी घेतला आणि तो बोलण्यांत टेबलावर ठेवला. मालकांनी दुरुस्ती करून द्यायची आणि ताब्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा पाहायचं, असं साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, लिहिलं. टोकनचं वाक्यही घातलं, निळी_शाई, तुमच्या शब्दांत.

आता सामानाचं सांगा कोणीतरी. तीस वर्षांचा संसार आहे.

हलकंओझं

मी चार वेळा घर बदललंय, त्यामुळे हा भाग माझा!

ताई, बांधायला पेटीपासून सुरुवात करू नका, काढून टाकण्यापासून करा. न्यायचं नाही ते आधी घराबाहेर जाऊ दे. गाडीवाले येऊन सामान बघून अंदाज देतील असेच घ्या, फोनवर आकडा सांगणारे नकोत. काय फुटलं तर भरपाई किती, हे लिहून घ्या. पुस्तकं लहान खोक्यांत, मोठ्या खोक्यात भरली की कोणालाच उचलत नाहीत. खोक्यावर आत काय आहे त्याबरोबर कोणत्या खोलीत जायचं ते लिहा, वरच्या बाजूला नको, कडेला, म्हणजे एकावर एक रचल्यावरही वाचता येतं.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या. वाटेत आडवा ठेवावा लागला तर नव्या घरी उभा करून काही तास थांबा, मगच चालू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर यावं लागतं. समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन असेल तर ड्रम जखडणारे वाहतुकीचे बोल्ट शोधा आणि लावा.

खरेदीखत, दागिने, आईंची औषधं, त्यांच्या फाइली, चार्जर, एक दिवसाचे कपडे आणि अंथरूण: हे गाडीत द्यायचं नाही, तुमच्या हाती राहील. जुन्या आणि नव्या दोन्ही घरांच्या मीटरचे फोटो तारखेसह काढा. नव्या घराचं कुलूप पहिल्याच दिवशी बदला, आधी किती जणांकडे किल्ल्या होत्या कोणालाच माहीत नसतं.

आणि आईंची खोली सगळ्यात शेवटी बांधा, सगळ्यात आधी लावा. त्यांचा पलंग, त्यांचा दिवा, त्यांची उशाशी ठेवायची वस्तू. उरलेलं घर महिनाभर खोक्यांत राहिलं तरी चालतं.

मोरपीस

उंबरठाताई, धागा पहिल्यापासून वाचला. दलाली कशासाठी द्यायची हा माझा प्रश्न होता, तो आता तसा राहिला नाही. एक विचारू? पहिल्या एजंटांनी सांगितलेली किंमत शेवटी मिळाली का?

उंबरठा

नाही. घर गेलं ते बाईंनी सांगितलेल्या दोन आकड्यांच्या मधे, वरच्या आकड्याच्या जवळ.

परवा राहायला आलो. ओल आदल्या दिवशी पुन्हा पाहिली, भिंत कोरडी आहे. पावसानंतर परत बघेन. हलकंओझं, तुम्ही सांगितलं तशी आईची खोली दुपारी तीनपर्यंत लागली होती आणि ती तिथे झोपलीसुद्धा, बाहेर हमाल कपाट आत आणत असताना.

जुन्या घराच्या नव्या मालकांचा काल फोन आला, बाबांच्या नावाने एक पत्र आलं आहे. पत्ता बदलायच्या यादीत त्यांच्या विम्याचं कार्यालय राहून गेलं होतं. शनिवारी जाऊन घेऊन येते.